चुना पसरण्याची रीत

सासरेबुवा जमिनीचा कस जिभेवर घेत. चिमूटभर माती तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि "झकास" म्हणायचं. घेवडा मात्र दर हंगामाला पिवळा पडे आणि दोष बियाण्याच्या माथी जाई.

जावई कागद कारखान्यात कामाला. तिथे वापरून झालेल्या चुन्याचा ढीग कुणी उचलत नव्हतं. आंबट जमिनीला तो औषधासारखा लागू पडतो, हे त्याने सासऱ्यांना सांगून पाहिलं. "कारखान्याचा उकिरडा माझ्या शेतात नको," म्हणून त्यांनी त्याला उडवून लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरे त्याला अजून 'ते कागदवाले' म्हणत. एकदा तरी त्यांनी आपल्याला जावईबापू म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

म्हणून सासूबाईंशी संगनमत करून त्याने एक ट्रॉली गुपचूप पाठवलीच. "पिवळ्या घेवड्याच्या शेतात ओत," असं ड्रायव्हरला बजावलं. शेजारी सासऱ्यांच्या चुलतभावाचं शेत होतं आणि त्याचा घेवडाही तितकाच पिवळा. शहाण्याने तिथेच ओतली.

या दोघा भावांचं बांधावरून विळ्याभोपळ्याइतकं सख्य. ही घाण सासऱ्यांनीच टाकली, असं चुलतभावाने ठरवून टाकलं. पण ढीग दिसत राहिला तर शत्रूला गुदगुल्या होणार. म्हणून फावडं घेऊन, सासऱ्यांना मोठमोठ्याने शिव्या घालत, त्याने तो सगळ्या शेतभर पसरला.

पुढच्या हंगामात त्याचा घेवडा हिरवागार, शेंगांनी लगडलेला. सासरे बांधावर उभे राहून जळत होते. शेवटी सासूबाईंनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा ते तडक कारखान्याच्या फाटकावर आले.

"एक ट्रॉली पाठवा," ते म्हणाले. "पसरायला तुम्हीच या. आणि पसरताना मला शिव्या द्या."

"मी? तुम्हाला?" जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्यानेही मलाच दिल्या होत्या. घरात बसून ऐकल्यात मी सगळ्या. त्याला गुण आला तो तसा आला. आता कृतीत फेरफार नको."

रविवारी जावई फावडं घेऊन शेतात उतरला. "तुम्ही जरा हट्टी आहात," तो पुटपुटला.

"एवढ्याने गवतसुद्धा उगवायचं नाही," सासरे बांधावरून म्हणाले. "मोकळेपणाने द्या, जावईबापू."

जावयाचा हात थांबला. मग लग्नाच्या दिवसापासून सुरुवात करून तो जो सुटला, तो शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत थांबलाच नाही. सासूबाई घरातून खुर्ची घेऊन आल्या आणि त्याचे राहून गेलेले मुद्दे सांगायला लागल्या.