उन्हातल्या गोट्या

मी तोंडावर बोलणारी बाई. सुनेचं वरण पांचट झालं तरी सांगते आणि मौलवीसाहेबांचं बयान लांबलं तरी सांगते. त्यामुळं जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही खुर्शीदबी जिन्यात दिसली की लोक जरा जपूनच बोलतात.

माझा मुलगा मुस्तफा मात्र गोड बोलून धंदा करणारा. स्टेशनजवळ त्याचं गिफ्टचं दुकान. फोटो फ्रेम, टेडी, नकली फुलं आणि गेल्या वर्षापासून त्या जेलीच्या गोट्या. कोरड्या असताना मोहरीएवढ्या, पाण्यात टाकल्या की फुगून बोराएवढ्या होतात, मोठ्या जातीच्या तर लिंबाएवढ्या. बाया फुलदाणीत घालायला न्यायच्या, पोरं खेळायला. कुणी विचारलंच, "अहो, पोरानं गिळली तर?" की मुस्तफा हसायचा. "काही टेन्शन नाही ताई. पाणीच आहे ते. पोटात विरघळून जातं."

आणि हे तो कुणाला गंडवायला सांगत नव्हता, हेच तर दुखणं आहे. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. शोकेसमध्ये काचेच्या बरणीत भरून ठेवलेल्या गोट्या थोड्या दिवसांनी मऊ पडायच्या, मग त्यांचा नुसता चिकट रस्सा व्हायचा. तो बरणी धुवायचा, नव्या गोट्या भरायचा. त्याच्या लेखी विषय संपला.

माल घाऊक यायचा. मग हा गोणी घरी आणून हॉलमध्ये चादर पसरायचा आणि छोट्या पुड्या भरत बसायचा. "अरे मेल्या, घरात रांगतं पोर आहे," मी ओरडायचे. "झाडून घेतो ना अम्मी," म्हणायचा. घ्यायचाही. पण मोहरीएवढा दाणा सोफ्याखाली गेला तर कुणाच्या बापाला दिसणार?

मुआज, माझा नातू, अजून वर्षाचाही नव्हता. पुढचे दोन दात आलेले. मला बघितलं की 'दा दा दा' करत गुडघ्यांवर पळत यायचा आणि माझ्या ओढणीत तोंड खुपसायचा. एके दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. खालचे डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय, पाणी पाजत राहा. आम्ही पाजलं. वाटी-चमच्यानं, लाडीगोडी लावून पाजलं. दुसऱ्या दिवशी उलटी हिरवी पडली. तशीच रिक्षा केली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेला.

एक्स-रेत काही दिसलं नाही. तिथल्या सर्जन डॉक्टर म्हात्रे, तरुण पोरगी, इथल्याच आगऱ्यांची, तिनं पोट चाचपलं आणि विचारलं, "घरात त्या पाण्यात फुगणाऱ्या गोट्या आहेत का? त्या एक्स-रेत दिसत नाहीत." शायमानं, माझ्या सुनेनं, नवऱ्याकडं बघितलं. मग सोनोग्राफी केली. तीत गोटी दिसली. डॉक्टर म्हणाली, आतडं अडलंय, आजच ऑपरेशन करायला हवं.

आणि मुस्तफानं काय करावं? त्यानं सुटकेचा श्वास सोडला! "गोटीच आहे ना? मग काय घाबरायचं? ती विरघळणार." धावत दुकानात गेला, शोकेसमधली बरणी घेऊन आला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "हे बघा मॅडम. सगळ्या गोट्या होत्या यात. आता आहे का एक तरी?"

डॉक्टरनं बरणी हलवून बघितली. "ही कुठं ठेवली होती?"

"शोकेसमध्ये."

"तिथं ऊन येतं?"

"येतं ना. दुपारपासून संध्याकाळपर्यंत."

"मग त्या उन्हानं तुटल्या, मुस्तफाभाई. गोटीत बारीक धाग्यांचं जाळं असतं, त्यात पाणी अडकून बसतं. ऊन खाऊन खाऊन ते धागे तुटले. पोटात ऊन कुठनं येणार? तिथं ती नुसती पाणी पिऊन फुगणार."

"ऐकलंस ना?" मी म्हणाले. पण तो हट्टाला पेटला. एवढ्याशा जिवाचं पोट फाडायचं, तेही जे आपोआप जाणार त्यासाठी? सकाळपर्यंत थांबू, म्हणाला. मी त्याला तिथंच, सगळ्या लोकांसमोर, नको नको ते बोलले. गाढव म्हणाले, दुकानदार म्हणाले. तो रडत होता आणि तरी नाहीच म्हणत होता. भीतीच एवढी होती त्याला त्या सुरीची. डॉक्टरनं शायमापुढं पेन धरलं. आईची सही चालते, म्हणाली. शायमा नवऱ्याकडं बघत राहिली.

सकाळी मुआजचं पोट तट्ट फुगलं होतं आणि तो रडायचा थांबला होता. शायमा उठली आणि मुस्तफाकडं न बघता सही करून आली.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा दाराशी मी एकटीच तस्बीचे मणी ओढत बसले होते. मुस्तफा रक्ताची पिशवी आणायला गेलेला, शायमा नमाजला. "दोन निघाल्या आजी," ती म्हणाली. "आतडं काळं पडलं होतं, तेवढं कापलं. अजून एखादी कुठं असेल तर माहीत नाही. जास्त वेळ पोट उघडं ठेवता आलं नाही." मुस्तफा आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं, की निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या अजानला, मुआज गेला.

मुस्तफानं स्वतः कबरीत उतरून त्याला ठेवला. शायमा तळोज्याला माहेरी गेली, ती अजून आलेली नाही. मी तिला दोष देत नाही. माझं पोर असून मलाच त्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि जेवला नाही की काळीजही तुटत होतं.

सगळा माल त्यानं फेकला. फक्त दोन गोट्या ठेवल्या. दोन ग्लासांत पाणी घालून एकेक टाकली. एक ग्लास खिडकीत, उन्हात. दुसरा लोखंडी कपाटात, मुआजच्या दुपट्यांच्या मागं. "ही काय शाळा मांडलीस?" मी ओरडले. "मला बघायचंय अम्मी," तो म्हणाला. काय बघायचंय ते मला कळत होतं. कपाटातली गोटी विरघळली असती तर निदान आपण वेड्यासारखं थांबलो नाही, एवढं तरी त्याला वाटलं असतं. एकदा माझ्याच मनात आलं, हात घालून चेचून टाकावी ती आणि म्हणावं, बघ, विरघळली. पण तसलं मला जमत नाही. मी कपाट लावून घेतलं.

परवाच्या जुम्म्याला तो नमाजहून आला, टोपी डोक्यावर तशीच, आणि दोन्ही ग्लास टेबलावर आणून ठेवले. खिडकीतल्या ग्लासात गोटी नव्हतीच, दाटसर पाणी होतं. कपाटातली त्यानं बोटांनी उचलली. चकचकीत, गोल, टणक. कालच फुगल्यासारखी.

"डॉक्टर बरोबर बोलली," तो म्हणाला.

मी त्याच्या बाजूला जाऊन बसले. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. तो गोटीकडंच बघत होता.

"अम्मी, तिथं पण अंधारच ना?"

"कुठं रे?"

"कबरीत." त्यानं गोटी मुठीत घेतली. "डॉक्टरनं सगळ्या काढल्या होत्या ना? एखादी राहिली असली तर... तो माती होऊन जाईल अम्मी, आणि ती तशीच राहील त्याच्यात."

"सगळ्या काढल्या," मी म्हणाले. "मला दाखवून सांगितलं तिनं. आत एक नाही राहिली."

"खरं?"

"मी कधी खोटं बोललेय का तुझ्याशी?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मान हलवली आणि गोटी परत ग्लासात टाकली. त्याचा विश्वास बसला.