मधाचं बोट

विहीणबाईंनी खरवसाची शेवटची वडी खाल्ली, याचा हिराबाईंना राग नव्हता. म्हणजे होता, पण तो त्यांनी गिळला होता. पुण्याजवळच्या मांजरी गावात सोसायट्या उभ्या राहिल्या तरी शेजारच्या भैरूने आपला गोठा काही हलवला नव्हता. त्याची गाय व्याली आणि त्याने किटलीभर चीक आणून दिला. हिराबाईंनी गूळ-वेलदोडा घालून खरवस लावला. विहीणबाई एकेक करत चार वड्या खाऊन मोकळ्या झाल्या, वर म्हणाल्या, "जास्त गोड नाही करत का जी तुमच्याकडे?"

तेही एक वेळ चाललं असतं. खरा राग होता तो त्यांच्या पर्समधल्या मधाच्या बाटलीचा.

शर्मिलाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरहून आल्या होत्या. निकिता त्यांची एकुलती एक. आल्या आल्या त्यांनी ती बाटली टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "असली जंगलातला मध आहे. बाळाला पहिलं बोट मी चाटवीन. आईच्या आईचा मान असते तो."

मान! हिराबाईंना तिथेच ठसका लागला.

कारण पहिलं बोट ज्याचं, त्याच्यावर मूल जातं. त्याची अक्कल घेतं, स्वभाव घेतं आणि मुख्य म्हणजे जीभ घेतं. हिराबाई आजवर हेच ऐकत आल्या होत्या, सांगत आल्या होत्या. आणि त्यांची जीभ काही साधी नव्हती. शाळा दुसरीत सुटली, पण मंडईतल्या पालेभाजीच्या गाळ्यावर सगळी हयात त्या जिभेने काढली. जुड्या उलट्यापालट्या करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या विचारायच्या, "ताई, कोथिंबीर घेताय का मुलगी बघताय?" गिऱ्हाईक हसायचं आणि दोन जुड्या घेऊन जायचं.

ही जीभ कुणाला तरी द्यायची होती. मुलगा अबोल. सून बिचारी लवकर गेली. नातू बुद्धभूषण हिराबाईंच्याच हाताखाली वाढला, शिकला, खराडीला मोठ्या कंपनीत लागला. पण बोलण्याच्या बाबतीत बापाच्या वरताण. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा फोन पुढे धरून दाखवायचा. आता त्याच्या बायकोच्या, निकिताच्या पोटी जे कोण येईल, त्याच्यावर हिराबाईंची सगळी भिस्त. म्हणून त्यांनीही मधाची एक छोटी डबी बटव्यात घालून ठेवली होती, आणि बोटातली सोन्याची अंगठी घासून लख्ख केली होती.

हडपसरच्या प्रसूतिगृहात सकाळी मुलगी झाली. भूषणने चुलत्याला फोन लावला, "जय भीम. मुलगी झाली. छान आहे," एवढं म्हणाला आणि दमल्यासारखा खुर्चीत बसला.

नर्सने बाळ पुसून, गुंडाळून निकिताजवळच्या पाळण्यात ठेवलं. "आले हं, लगेच पाजायला घ्यायचंय," म्हणत ती दाराबाहेर गेली. तिची पाठ वळते न वळते तोच पाळण्याच्या एका बाजूला बाटलीचं झाकण फिरलं आणि दुसऱ्या बाजूला डबीचं. दोन बोटं मधात बुडाली, दोन्ही एकदमच बाळाच्या ओठांकडे निघाली आणि वाटेत एकमेकांवर आपटली.

"आजी, हात काढा जी."

"तुमचा आधी काढा. तुमचा पाहुणा हात, माझा घरचा."

"पण माझ्या लेकीचं लेकरू आहे ना ते!"

"आणि माझ्याकडे काय भाड्याने आलंय?"

"दोघींनीही काढा!" दारातून आवाज आला. डॉक्टर अपेक्षा. वयाने लहान, पण आवाज असा की दोन्ही बोटं एकदम मागे गेली. "मध अजिबात नाही. मधात कधी कधी एक जंतू असतो. तो तुम्हाआम्हाला काही करत नाही, पण एवढ्या बाळाला लुळं पाडू शकतो. वर्षाची होईपर्यंत थेंबसुद्धा नाही. पाणी नाही, गुटी नाही. फक्त आईचं दूध, आणि तेही आत्ता लगेच. पहिल्या तासात जायला हवं."

बाळाने ऐकल्यासारखा टाहो फोडला. निकिताने पदर सरकवला. दूध आलं ते थेंबभर. घट्ट, चिकट, पिवळंजर्द. शर्मिलाबाई पुढे धावल्या.

"हे नको देऊ, बाई! खराब आहे हे, पिवळं पडलंय. पिळून टाक. दोन दिवसांनी चांगलं पांढरं येईल. तोवर गाईचं दूध पातळ करून देऊ."

"काकू, ते खराब नाही, त्यालाच तर सोन्याचं मोल आहे," डॉक्टर म्हणाली. "कोलोस्ट्रम आहे ते."

आता हिराबाई उसळल्या. "काय म्हणालात? कोलेस्ट्रॉल?"

"आजी, को-लो-"

"मला शिकवू नका, मी त्याची गोळी घेते रोज! तुमच्यासारख्याच एका डॉक्टरने माझं तूप बंद केलं. पोळी कोरडी खाते मी या कोलेस्ट्रॉलपायी. आणि पोरीला जन्मल्या जन्मल्या तेच पाजताय? शर्मिलाबाई बरोबर म्हणतात, टाका पिळून!"

दोन विहिणी एका बाजूला झाल्या. या घरात हे प्रथमच घडत होतं. भूषणने खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं, तोंड उघडलं आणि आजीकडे बघून परत मिटलं. बाळ तांबडंलाल झालं होतं. निकिता कधी डॉक्टरकडे बघे, कधी आईकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, कुणीतरी एक काय ते ठरवा ना. भूक लागलीय तिला."

डॉक्टर अपेक्षाने कपाळाला हात लावला. मग तिने नवाच रस्ता धरला. "आजी, गाय व्याल्यावर पहिलं दूध येतं ते कसं असतं?"

"घट्ट. पिवळसर."

"त्याला काय म्हणतात?"

"चीक," हिराबाई म्हणाल्या. "एवढं शिकून तुम्हाला चीक माहीत—"

आणि मध्येच थांबल्या. त्यांची जीभ वाक्याच्या मधोमध थांबलेली भूषणने जन्मात पाहिली नव्हती.

"म्हणजे हा…"

"बाईचा चीक. रोगाशी लढायची पहिली ताकद बाळाला यातूनच मिळते. थोडाच येतो, पण बाळाचं पोटही तेवढंच आहे."

हिराबाई वळल्या. "निकिता, घे पोरीला जवळ. पाज. थेंब सांडायचा नाही."

निकिताने डोळे पुसले आणि बाळाला छातीशी धरलं. ते थोडं चाचपडलं, रागाने हुंकारलं आणि मग असं काही चिकटलं की खोलीत फक्त चुटुचुटु आवाज राहिला. शर्मिलाबाईंचा चेहरा मात्र पडला.

"राहिलं मग पहिलं बोट," त्या पुटपुटल्या. "आता ही जाईल तरी कोणावर?"

हाच प्रश्न हिराबाईंच्याही घशाशी होता. उत्तर आलं पलंगावरून.

"आजी, भूषणला मध कुणी चाटवला होता?"

"मीच. याच अंगठीने."

"मग हा असा का?"

सगळ्यांनी भूषणकडे पाहिलं. भूषणने उत्तर द्यायचा विचार केला आणि खांदे उडवले. डॉक्टर आधी फसकन हसली, मग निकिता टाके दुखेपर्यंत हसली, आणि हिराबाई तर भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून हसल्या. आयुष्यभर ज्या बोटावर भरवसा ठेवला, त्याचा पुरावा समोर मुका बसला होता!

"आणि मला तुझ्या आजोबांनी चाटवला होता म्हणतात," शर्मिलाबाई लेकीला म्हणाल्या. त्यांनाही आता राहवेना. "ते तर पट्टीचे पोहणारे. मी बादलीला भिते!"

हिराबाईंनी मधाने माखलेलं बोट स्वतःच्या तोंडात घातलं. चव घेतली. मग शर्मिलाबाईंच्या बाटलीत दुसरं बोट बुडवून तेही चाटलं. विहिणीचा मध खरंच चांगला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्या शर्मिलाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात, मंडईतला आवाज.

"ऐका शर्मिलाबाई. पोरगी जायची त्याच्यावर जाईल, आपण आपली बोटं आपल्या तोंडात घालू. पण वासराच्या तोंडचा चीक चार वड्या करून खाल्लात, वर गोड कमी म्हणालात, आणि लेकीच्या चिकाला खराब म्हणता? पुन्हा म्हणालात, तर या घरात तुम्हाला खरवस बंद!"