४१८ नंबरची थाळी

नांतुमेच्या हाताला गुण आहे, असं आमच्या कंपालाच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणत. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू फार नाजूक. जरा गारठले की मेले, कोंडलेल्या हवेशिवाय वाढत नाहीत. जंतू वाढवायच्या माझ्या पाचांतल्या दोन थाळ्यांवर ते उगवत, तिच्या पाचही थाळ्यांवर. मी इथं अकरा वर्षं, ती दोन. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये तिच्या ४१८ नंबरच्या थाळीवर जंतू औषधाच्या पट्टीला अगदी खेटून वाढले. परम्यावर लागू पडणारं एकच इंजेक्शन उरलंय, त्यालाही ते भीक घालत नव्हते. पुन्हा तपासून तसंच दिसलं, तर डॉक्टर ओपियो वरती कळवणार आणि जोहान्सबर्गच्या प्रशिक्षणाला नांतुमे जाणार, हे ठरल्यातच जमा.

त्याच दिवशी तिचे काका वारले. मातीला गावी जाणं भाग होतं.

"तेओताई, जंतू रोज नव्या थाळीवर उतरवशील ना? आणि बरणीत मेणबत्ती लावून झाकण घालायला विसरू नकोस."

"आता तू मला शिकव."

"तुला कोण शिकवणार, बाई."

ती गेली आणि मी थाळी उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

चार दिवसांनी ती परतली तेव्हा एकही जंतू जिवंत नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तीच डॉक्टरांना म्हणाली, "चूक माझी. जायच्या घाईत मरतुकडी थाळी हिच्या गळ्यात मारली." पुन्हा तपासायला काहीच उरलं नव्हतं. डॉक्टरांनी वरती कळवायचा कागद बाजूला ठेवला, ४१८ नंबरच्या रोग्याला नेहमीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, आणि जोहान्सबर्गसाठी माझं नाव धाडलं. मी त्या दिवशी घरी कोंबडी शिजवली.

तीन आठवड्यांनी तो ४१८ परत आला. बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवणारा माणूस, दुखणं तसंच. सोबत बायको होती, तिला आठवा महिना. दोघांचे नमुने माझ्या टेबलावर आले.

मी दोन्ही थाळ्या बरणीत ठेवल्या, मेणबत्ती लावली, झाकण घट्ट केलं. जंतू उगवू नयेत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवलं.

दोन्हींवर उगवले. दोन्हींवर पट्टीला खेटून.

नांतुमे माझ्या खांद्यावरून डोकावली. "बघ ताई, तुझ्याही हाताला गुण आला."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खरंच आनंद झाला होता.