माझं आढं भरमूने चढवलं

मित्रांनो, मी एक जुना बंगला आहे. खानापूरहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवर, रानाच्या कडेला उभा आहे. जुनी घरं गोड गोड आठवणी सांगतात म्हणे. मला ते जमत नाही. मला राग आला आहे आणि तोच मी सांगणार आहे.

१९०७ साली रानातल्या लाकडावर देखरेख करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाला राहायला घर हवं होतं. त्याने आसपासची गावं वेठीला धरली. मजुरी नाही, भाकरीही घरून आणायची. पोटात सहा महिन्यांचं मूल असताना मालुबाईने जांभ्या दगडाचे चिरे डोक्यावरून वाहिले. तिचा नवरा भरमू सुतारकाम करी. आढं, म्हणजे सगळं छप्पर पेलणारं मधलं लाकूड, चढवायच्या दिवशी दोर पावसाने भिजले होते. उद्या चढवू, असं भरमूने हात जोडून विनवलं. साहेबाने ऐकलं नाही. आढं जागेवर बसलं, पण भरमूच्या हातातला ओला दोर निसटला आणि तो खाली पडला. तो पुन्हा उठला नाही. साहेबाने जोत्यावरचं रक्त धुवून घेतलं आणि संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून चहा घेतला. हे मी विसरू म्हणता?

पुढे दर वैशाखात माझी कौलं शाकारायची वेठही गावाच्याच माथी आली. १९३८ साली साहेब विलायतेला गेला, तो कायमचा. वेठ संपली, हे मात्र गावाला कुणी कळवलंच नाही. चार वर्षं बिचारे भीतीपोटी येत राहिले. रिकाम्या घराची फुटकी कौलं बदलायचे आणि बंद दाराला रामराम घालून परत जायचे. ओरडून सांगावंसं वाटे, पण घराला तोंड कुठलं?

१९४२ साली खरं कळलं तेव्हा गाव खवळलं. भरमूचा मुलगा परशराम, ज्याने बापाचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो घासलेटचा डबा घेऊन आला. मागोमाग मालुबाई आली आणि दारातच बसली.

“परशा, ह्यात सायबाचं काय हाय रं? चिरं मी वाह्यल्यात. आढं तुझ्या बानं चढीवलंय. जाळायचं आसंल तर जाळ. पर तुझ्या बाची खूण येवढीच हाय.”

परशरामला रडू कोसळलं. त्याने डबा बाजूला ठेवला.

पुढच्या वैशाखात गाव पुन्हा कौलं शाकारायला आलं. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. घरटी एक माणूस आपणहून आला. परशराम वर चढला आणि आढ्याला हात लावून कितीतरी वेळ बसून राहिला.

१९४७ साली माझ्या अंगणात झेंडा चढला. बाहेरगावाहून आलेल्या पुढाऱ्याने भाषणात माझा उल्लेख ‘साहेबाचा बंगला’ असा केला आणि टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या मालुबाईने मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मित्रांनो, जुनी घरं जरूर जपा. पण ती कुणाच्या घामाने उभी राहिली, ते आधी विचारा. मी भरमूचं घर आहे. यापुढे कुणी मला साहेबाचा बंगला म्हणालं, तर एखादं कौल त्याच्या टाळक्यात सोडायला मी मागेपुढे पाहणार नाही.