शेक किती वेळा घेतला?

मधुवंती मॅडम कळंब्याच्या घरी आल्या तेव्हा तात्यांना वाटलं, बाई भेटायला आली असेल. बायकोला, सरोजिनीला, जाऊन तीन महिने झाले होते, तरी लोक येत होते. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. मॅडम पाणी अर्धंच प्यायल्या.

तात्या म्हणजे चनबसाप्पा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सातवी पास. सरोजिनी मात्र बी. ए. झालेली. मॅडमच्या संस्थेसाठी ती नेसरीच्या बाजूला घरोघर फिरायची आणि बायकांना विचारून फॉर्म भरायची. मुलं किती झाली, किती जगली, दवाखाना किती लांब. दोन वर्षं तिनं हे काम केलं. काविळीनं अंथरूण धरलं तेव्हाही फॉर्मची पिशवी उशाशीच होती.

"काका, तुम्हाला वाईट वाटेल," मॅडम म्हणाल्या.

"बोला की. तीस वर्षं पॅसेंजरच्या शिव्या खाल्ल्यात मी."

"सरोजिनीबाईंचे दोनशे चौदा फॉर्म आहेत. त्यांच्या गावांत जन्मल्यावर महिन्याभरात गेलेली मुलं शेजारच्या गावांच्या दुप्पट निघतात. दवाखाना एकच, पाणी एकच, मग आकडा दुप्पट कसा? कमिटीला वाटतं, फॉर्म घरी बसून भरलेत. ते रद्द करायचं चाललंय."

तात्या म्हणाले, "म्हंजे माझी बायको खोटारडी?"

"मी तसं म्हणत नाही. आधी वीस घरं पुन्हा तपासू असं मीच सांगितलं. परवा जातेय."

"मी येतो."

"काका, बाहेरचं माणूस नियमात बसत नाही."

"न बसंना. एसटीत तर बसंल न्हवं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी चंदगडच्या गाडीवर बाळासो होता, तात्यांच्या हाताखाली शिकलेला. "तात्या, मागं कुठं निघालाय? या की केबिनमधी," तो ओरडला.

"न्हाय रं. आज मी पावणा हाय. तू रस्त्याकडं बघ."

नेसरीच्या पुढच्या फाट्यावर ते उतरले. पहिलं घर बसम्माचं. तात्यांनी नाव सांगितल्यावर बसम्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "सरोजिनीअक्काचं मालक व्हय तुम्ही? लई गुणाची बाई. माझ्यासंगं बसून शेंगा फोडायची." मग तिनं तांब्याभर ताक आणलं. तात्यांची छाती फुगली. घरी बसून भरलेत म्हणे!

मॅडमनी कोरा फॉर्म मांडीवर घेतला. छापलंय तसंच वाचायचं, एक शब्द इकडंतिकडं करायचा नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम.

"आतापर्यंत तुम्हाला किती मुलं झाली?"

"तीन," बसम्मा म्हणाली.

सरोजिनीच्या फॉर्मवर पाच होती. मॅडमनी तो आकडा तात्यांना दाखवला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या घरी झुंबरबाई म्हणाली दोन. फॉर्मवर तीन. तिसऱ्या घराकडं जाताना तात्यांना रविवार आठवायला लागले. सरोजिनी दारात बसून फॉर्म लिहायची. कच्च्यावरून पक्के करते म्हणायची. पक्केच करत होती ना? आपण कधी विचारलं का? बायकोवर असा संशय घेतला म्हणून त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण आकडा काही मनातून जाईना.

तिसरं घर विठाबाईचं. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. आतल्या खोलीतून धूर येत होता. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा. तो वास नाकात गेला आणि तात्या उंबऱ्यातच थांबले.

वर्षापूर्वी जेवताना सरोजिनीनं त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला मुलं किती हो?"

"डोकं फिरलंय का तुझं? एक. सोमेश."

"मी शेक दोनदा घेतला," ती म्हणाली होती आणि तव्यावरची भाकरी उलटली होती.

सोमेशच्या आधी एक मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा होता, ती नवव्या दिवशी गेली. तात्या तेव्हा ड्युटीवर होते. नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून कुणी तिला मोजलं नाही. त्यांनीही नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "माघारी फिरा. बसम्माच्या घरी."

"का?"

"तुम्ही मुलं इचारताय. बारशाआधी गेलेलं लेकरू आमच्यात कोन मोजत न्हाय. नावच न्हाय तर सांगायचं काय? पन पोर जगो न्हायतर जावो, बाईला शेक चुकत न्हाय. इचारा, बाळंतपणाचा शेक किती येळा घेतला. मी लांब थांबतो, बाप्या मानसानं ऐकायची गोष्ट न्हाय ही."

ते गोठ्याजवळ जाऊन उभे राहिले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी म्हशीपुढं उगीचच दोनदा वैरण सारली.

मॅडम बाहेर आल्या. चष्मा हातात होता.

"पाच," त्या म्हणाल्या. "बोटं मोजून सांगितलं. कोणतं सुगीत गेलं, कोणतं दिवाळीत, सगळं. म्हणाल्या, अक्कासुद्धा असंच विचारायच्या."

झुंबरबाईनं तीन सांगितली. दोन दिवसांत वीस घरं झाली. एकोणीस घरी आकडा तंतोतंत जुळला. विसाव्या घरी तो एकानं जास्त निघाला, कारण ते मूल सरोजिनी येऊन गेल्यावर जन्मलं होतं. चार महिन्यांचं पोर ओट्यावर पालथं पडून तात्यांकडं बघत होतं.

परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, "नियम त्यांनी मोडला, काका. छापलेला प्रश्न बदलला. आम्हाला सांगितलंही नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही बदलू दिला असता?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांचे फॉर्म राहतील. बाकीच्या गावांत आम्हालाच पुन्हा जायला लागेल. खोटे आकडे आमचे होते."

कमिटीत यावरून भांडणं झाली, पण मॅडम हटल्या नाहीत. बाकीची गावं पुन्हा फिरून झाली. तिथलाही आकडा वर गेला आणि सरोजिनीच्या गावांच्या शेजारी येऊन बसला.

पाच वर्षांनी, दोन हजार तीन साली, नवी पाहणी निघाली. नव्या मुलींच्या शिकवणीला मॅडमनी तात्यांना बोलावलं. सुनेनं, वर्षाराणीनं, शर्टाला इस्त्री करून दिली. हॉलमध्ये तीस-पस्तीस मुली होत्या. प्रत्येकीच्या हातात छापलेला फॉर्म, आणि त्यात चौदावा प्रश्न : बाळंतपणाचा शेक आतापर्यंत किती वेळा घेतला?

मुली हसायला लागल्या. सुष्मिता नावाची एक मुलगी उभीच राहिली. "मॅडम, हा काय प्रश्न झाला? कोणी काढला हा?"

मॅडमनी तात्यांकडं बघितलं. तात्या शेवटच्या बाकावरून उठले. आवाज स्टँडवर लागायचा तसाच लागला.

"आमच्या मंडळींनी काढला. सरोजिनी नाव."

हसणं थांबलं. सुष्मितानं जरा हळू विचारलं, "त्यांना कसं सुचलं, आजोबा?"

"तिनं शेक दोनदा घेतलावता," तात्या म्हणाले. "आन् मला कोन इचारलं, तर मी पोरगं एकच सांगायचो. आता दोन सांगतो. बसा खाली, लिहून घ्या."