काढून टाकलेल्या बंपरचा सूड

मित्रांनो, मी गाडीचा पुढचा बंपर. जुना, प्लास्टिकचा, अंगावर रंगाचे थरावर थर चढलेला. माझी कहाणी ऐकून कुणाला माझी कीव आली, तर ती त्याने स्वतःजवळच ठेवावी. मला कीव नको होती. मला सूड हवा होता आणि तो मला मिळाला.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. मला पांढरा रंग देऊन एका पांढऱ्या गाडीच्या तोंडावर बसवलं. ती गाडी एका गॅरेजवाल्याने घेतली. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला सगळे थोरला म्हणत आणि मुलीला धाकटी.

गॅरेजवाले बाबा मला रोज ओल्या फडक्याने पुसत. चिखल, खडे, किडे, सगळं आधी माझ्याच अंगावर येई. थोरला गाडी शिकत असताना त्याने ती थेट फाटकावर घातली. मी चिरलो, पण दिव्यांना ओरखडाही येऊ दिला नाही. बाबांनी मला थोपटलं. धाकटीने मला सांधून, घासून पुन्हा रंगवलं. गाडी ठोकणारा मात्र माझ्याकडे न बघता जेवायला गेला.

बाबा वारले आणि गॅरेज थोरल्याच्या हाती आलं. त्याला शर्यतींचं वेड लागलं. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. विमानं तिथे आता उतरत नाहीत. सुट्टीच्या दिवशी आसपासचे गॅरेजवाले तिथे जमतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा खाली आला की सरळ रेषेत सुसाट सोडायच्या, पलीकडची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. थोरल्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती, ती म्हणजे वजन. त्याने एक वजनकाटा आणला आणि गाडीची एकेक वस्तू काढून त्यावर ठेवायला लागला. मागची सीट गेली, स्टेपनी गेली, खिडक्यांच्या काचाही गेल्या. स्वतःचं पोट सोडून त्याने सगळं काट्यावर चढवलं.

मग माझी पाळी आली.

"दादा, पुढचा बंपर काढू नकोस," धाकटी म्हणाली. "तो वारा बाजूला सारतो. तो नसेल तर सगळा वारा गाडीत घुसेल."

"वारा काय किलोवर मोजतात?" थोरला हसला.

"मोजता येत नाही म्हणून तो नसतो का?"

"तू मला शिकवू नकोस. खरं सांगू? या गॅरेजात सगळ्यात फालतू ओझं तुझंच आहे."

त्याने मला उचकटलं आणि मागच्या भिंतीपलीकडे गवतात भिरकावलं. त्याच आठवड्यात त्याने रंगकामाच्या खोलीला कुलूप घातलं. बाबांच्या वेळेपासून धाकटी त्या खोलीत काम करत होती. तिचा रंगाचा फवारा त्याने खिडकीतून तिच्या हातात दिला, आत ये म्हणायचं सौजन्यही दाखवलं नाही. ती भिंतीला वळसा घालून निघाली होती, तेवढ्यात तिला मी दिसलो. तिने मला काखोटीला मारलं.

"चल," ती म्हणाली. "आपण दोघंही ओझं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला. थोरल्याचं नाक खाली गेलेलं मला बघायचं होतं.

धाकटीने भंगारातून अगदी तशीच गाडी मिळवली. त्या गाडीचं तोंड चेचलेलं होतं. तिने तिथे मला बसवलं आणि लाल रंग दिला. धाकटीचा नवरा शिंपी. त्याच्याकडून जाड धाग्यांचे तुकडे घेऊन तिने ते एकेका टोकाने गाडीभर चिकटवले. मग नवरा गाडी पळवायचा आणि ती शेजारून मोटारसायकलवर धाग्यांकडे बघत जायची. धागा अंगाला चिकटून राहिला, तर वारा तिथून गुपचूप सरकतो. धागा फडफडला, तर वारा तिथे अडकतो.

"अगं, पण वजनाचं काय?" नवऱ्याने विचारलं.

"तेही कमी करायचं. सुटताना वजन छळतं, पण वेग वाढला की वारा छळतो. दादाला शर्यतीची फक्त सुरुवात कळते."

तिनेही मागची सीट काढली, स्टेपनी काढली. काचा मात्र ठेवल्या, आणि माझ्या वरची फट चिकटपट्टीने बुजवली. मागचा बंपर तिने काढला, कारण त्याच्या पोटात वारा पिशवीसारखा भरत होता. पण तिने त्याला चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. काढून टाकणं आणि काढून ठेवणं यात फरक असतो, मित्रांनो.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती धावपट्टीवर थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी जिंकले तर रंगकामाची खोली माझी."

"आणि हरलीस तर गॅरेजच्या दारात परत पाय ठेवायचा नाही," थोरला म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "अगं, माझा कचरा तोंडावर लावून आलीस?"

सगळे हसले. मला दात असते तर मी चावलो असतो.

जमलेल्यांपैकी एका टायरवाल्याने झेंडा खाली केला. थोरल्याची गाडी हलकी, ती ताडकन सुटली. बघता बघता तो पुढे गेला आणि माझ्यासमोर त्याची नागडी मागची बाजू नाचायला लागली. माझा जीव टांगणीला लागला. खोली गेली, असंच मला वाटलं. पण वेग वाढला तसा वारा खवळला. तो माझ्यावर आदळला, मी त्याला दोन्ही बाजूंना पिटाळलं. थोरल्याच्या गाडीला मात्र ना तोंड होतं ना काचा. वारा पुढून घुसला, खिडक्यांतून घुसला, फुगलेल्या पोत्यासारखी ती गाडी धावता धावता जड झाली. आम्ही तिच्या बरोबरीला आलो, मग पुढे गेलो. रेघ आधी मी ओलांडली. मीच, कारण गाडीत सर्वांत पुढे मी असतो!

"आज वारा होता," थोरला खाली उतरून पुटपुटला.

"वारा दोघांनाही होता," टायरवाला म्हणाला.

धावपट्टीवर एक रिवाज आहे. हरणाऱ्याने जिंकलेली गाडी ढकलत सुरुवातीच्या रेघेपर्यंत परत न्यायची, तीही न वळवता, उलटी. म्हणजे त्याला पुढून ढकलावं लागतं. थोरल्याने दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. त्याचा घाम माझ्या रंगावर टपटपत होता. मला इतकं गोड वाटलं की काय सांगू!

थोड्या वेळाने लांबून हसण्याचा आवाज यायला लागला. सुरुवातीच्या रेघेजवळचे लोक पोट धरून हसत होते. त्यांच्याकडे गाडीची मागची बाजू होती आणि मागचे लाल दिवे लागलेले त्यांना स्वच्छ दिसत होते. धाकटीने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला होता. थोरल्याला पुढून त्यातलं काही दिसत नव्हतं.

"एवढी जड कशी गं तुझी गाडी?" तो धापा टाकत म्हणाला.

धाकटीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तू टाकलेलं सगळं मी ठेवून घेतलंय ना, दादा." आणि पाय तिथेच ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी चार शब्द सांगायचे असतात, म्हणून सांगतो. वस्तू जपा. माणसं तर त्याहून जपा. आणि जपायचं नसेलच, तर ढकलायला दंड कमवून ठेवा.