भावंडं खोक्यातच राहिली

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याएवढाही नसलेला मी एक पेनड्राइव्ह. रंग उडालाय, टोपण केव्हाच हरवलंय. पण अंगावरचा कागद अजून तग धरून आहे. त्यावर साधनाताईंचा फोटो आणि खाली छापलेलं नाव, 'कामावरच्या आईचे पाळणे'. हल्ली कुणी ते वाचायला लागलं की मला लपावंसं वाटतं.

साधनाताई चाकणजवळ महाळुंग्याला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. लेक तान्ही होती तेव्हा शिफ्टला निघण्याआधी तिला थोपटता थोपटता त्यांनी ही गाणी जुळवली.

नीज गं माझे चिमणे, दिवा झाला मंद,
आई येईल शिफ्टवरून, कर डोळे बंद.

पुढे ओव्हरटाइम करकरून त्यांनी ती एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केली. ढोलकीवर मालोजीमामा होते. मग आम्हा खोकंभर कोऱ्या भावंडांना एकेक करून लॅपटॉपला लावलं आणि आमच्यात गाणी भरली. ताईंनी स्वतः बसून आमच्यावर फोटो चिकटवले, बाळाला काजळ लावावं तितक्या हलक्या बोटानं.

"मामा, एवढे खपले ना, की दुसरी गाणी करू. डोक्यात तयार आहेत सगळी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत आधी मी विकला गेलो. कंपनीच्या बसचे ड्रायव्हर नवनाथभाऊ यांनी मला घेतलं, घासाघीस न करता. त्यांनी मला बसच्या टेपला लावलं. शिफ्ट सुटून दमलेल्या बाया चढायच्या, मी गायला लागलो की खिडकीला डोकं टेकायच्या. एखादीचा हात झोपेतसुद्धा मांडीवर थोपटत राहायचा. काय सांगू, मला फार भरून यायचं.

एक दिवस क्वालिटीतला कुलदीप पुढे येऊन म्हणाला, "नवनाथभाऊ, हे गाणं द्या की राव. आमचं पोरगं रात्रभर नाचवतंय आम्हाला."

"घे की भावा! त्यात काय विचारायचं?"

कुलदीपनं मला आपल्या लॅपटॉपला लावलं. त्याच्याकडून ती गाणी दुसऱ्याच्या मोबाइलवर गेली, तिथून ग्रुपवर, ग्रुपवरून कुठल्या कुठे. कितीही जणांनी घेतली तरी माझ्यातली गाणी होती तेवढीच राहायची. देऊन आपलं काहीच कमी होत नाही, याचा मला केवढा तोरा होता!

मग एका सकाळी साधनाताई स्वतः बसमध्ये चढल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत ते खोकं. लाजत लाजत त्यांनी एक पेनड्राइव्ह बाहेर काढला. "माझी गाणी आहेत. कुणाला हवी असतील तर..."

"अहो ताई, आहेत की आमच्याकडे!" मागून एक बाई आनंदानं ओरडली. "माझी पोरगी त्याच्याशिवाय डोळा मिटत नाही."

"मी तर परभणीला पाठवली," कुलदीप म्हणाला. "आख्ख्या भावकीत वाजतायत. मेहुणा म्हणतो, तुमच्या चाकणला असली माणसं पण असतात व्हय?"

बस हसली. ताईही हसल्या. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर कुणी मान खाली घातली नाही. दोघींनी ताईंबरोबर सेल्फी काढला. पिशवीकडे मात्र एकाचाही हात गेला नाही.

"ताई, नाव केवढं झालं तुमचं!" नवनाथभाऊ आरशातून म्हणाले.

"नाव झालं, खरंय दादा."

त्यांनी पिशवीची चेन लावली. आत माझी भावंडं मुकी बसली होती आणि समोर मी ताईंच्याच आवाजात गात होतो. कमी काय झालं, ते तेव्हा मला दिसलं. गाताना माझ्या अंगावर लुकलुकणारा दिवा मला विझवता आला असता तर फार बरं झालं असतं.

पुढे ताईंनी ते खोकं पिंपळे सौदागरच्या एका मोबाइलच्या दुकानात दिलं. दुकानदाराला कोरे पेनड्राइव्ह हवे होते. म्हणून आधी ताईंनी गाणी पुसली आणि आपलेच फोटो नखानं खरवडून काढले. बसमध्ये शेजारणीला हे सांगताना त्या अंगठ्याचं नख चोळत होत्या.

परवा चऱ्होलीला नवनाथभाऊंच्या मुलीचं बारसं झालं. भाऊंनी ताईंना मानानं बोलावलं आणि मला स्पीकरला लावलं.

"ताई, हे जुनं झालं. नवीन म्हणा ना एखादं!" बायका मागे लागल्या. कुणीतरी मला थांबवलं आणि भराभर मोबाइल वर झाले.

ताईंनी त्या मोबाइलकडे पाहिलं. मग त्या पाळण्यात वाकल्या. आत्यानं जिथं नाव सांगितलं होतं, त्याच इवल्याशा कानाशी तोंड नेऊन त्यांनी नवं गाणं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. बाळाचे डोळे मिटत गेले.

नवनाथभाऊंचा चेहरा उतरला. "ताई, आमचं चुकलं का हो?"

"हळू दादा. झोपलीय ती."

मित्रांनो, गाणं आवडलं तर ज्याचं आहे त्याच्याकडून घ्या. दोस्ताला द्यावंसं वाटलं, तर दोस्तालाही त्याच दारी घेऊन जा. माझ्यात अजून पुष्कळ जागा रिकामी आहे. ताईंची नवी गाणी तिथं सहज मावली असती.